कुंदाताईंनी चढवलेला रंग

मागच्या महिन्यात ॲन आर्बरहून अरविंदरावांचा फोन आला. "कुंदा गेली," एवढंच म्हणाले. मी न्यू जर्सीहून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

कुंदाताई नागपूरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. लोखंड गंजतं कसं, यावरच त्यांनी एमएस्सीला काम केलेलं. नवऱ्याच्या नोकरीमागे मिशिगनला आल्या, पण इथे त्यांच्या डिग्रीला कुणी विचारेना. तेव्हा आम्ही शेजारी होतो. दुपारी त्या माझ्याकडे येऊन बसायच्या, पण फार बोलायच्या नाहीत.

एका हिवाळ्यात समोरच्या वॉल्टरच्या तळघरात पाइप फुटला आणि त्याच्या वडिलांची दुनळी बंदूक गंजली. रंग चढवायच्या कढत रसायनात दोन नळ्या जोडणारी झाळ सुटेल, असं सांगून बंदुकीच्या दुकानदारानं ती परत पाठवली. वॉल्टर गराजमध्ये सँडपेपर घेऊन बसलेला दिसला, तशा कुंदाताई चपलांवरच बर्फातून रस्ता ओलांडून गेल्या.

"घासू नका, नक्षी जाईल. मी करते. गंज नीट धरू दिला, की त्याचाच रंग होतो."

अरविंदराव भडकले. "घरात बंदूक? आपल्या लेकीला काय सांगायचं?"

"बंदूक त्याच्याच घरी राहील. माझ्याकडे फक्त नळ्या येतील."

नळ्यांवर गंज आणणाऱ्या औषधाचा पातळ हात फिरवायचा, दमट हवेत गंज चढू द्यायचा, मग पाण्यात उकळायचं. लाल गंज काळा होतो. मोकळी काजळी पुसून पुन्हा तेच. हीटरमुळे घरातली हवा कोरडी, म्हणून त्या नळ्या बाथरूममध्ये टांगून गरम शॉवर सोडायच्या. अरविंदराव आंघोळीला आमच्याकडे यायचे! उकळायला खिडकीतल्या फुलझाडांची लांब पत्र्याची कुंडी होती. पहिल्या खेपेला बोटांचं तेल लागून सगळीकडे डाग पडले. त्या जिन्यात बसून रडल्या. "एवढंच येत होतं गं मला..." सकाळी सुती हातमोजे घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी निळसर काळा, एकसारखा रंग आला. वॉल्टरनं नळ्या खिडकीच्या उजेडात फिरवून बघितल्या. "लहानपणी डॅडच्या हातात अशीच पाहिली होती," म्हणाला. त्याची पुतणी कम्युनिटी कॉलेजच्या लॅबमध्ये होती. तिला तो स्वतः घेऊन आला. कुंदाताईंना आधी लॅबमध्ये काम मिळालं, पुढे वर्ग मिळाले. आजारपणातही त्या शिकवत होत्या.

मी परत निघाले त्या दिवशी वॉल्टर चादरीत गुंडाळलेल्या नळ्या घेऊन दारात उभा होता. थंडी सुरू होण्याआधी कुंदाताई त्यांना तेल लावून द्यायच्या. ते आता कोण करणार, हे त्याला विचारवत नव्हतं. अरविंदरावांनी नळ्या घेतल्या आणि ओट्यावर फडकं पसरलं. मी मदतीला हात पुढे केला.

"उलटं पुसायचं नाही हं," ते म्हणाले, "एकाच दिशेनं. नाहीतर ती रागावते."