वळणावरचा सडा

तुम्ही कधी ओल्या शेणसड्यावरून सायकल वळवली आहे का? नसेल, तर आमच्या वळणावर त्या दिवशी जे झालं त्याला हसायचा हक्क तुम्हाला नाही. मला आहे. मी वळवली आणि आपटलो.

पण ही गोष्ट माझी नाही, ठमाबाईची आहे.

ठमाबाई पळसदेवची. दीर आणि पुतण्या उजनीच्या पाण्यात जाळी टाकतात, मासळी विकायचं काम हिचं. सायकल दांडीची, चोवीस इंची, नवऱ्याची. तो गेला, सायकल राहिली. तेव्हा ही तिशीची. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की जो गाळ उघडा पडतो, त्यावर ती एकटीच सायकल शिकली. तिथंच का? तर पडलं तरी लागत नाही, आणि बघायला बगळ्यांशिवाय कुणी नसतं. आज साठीची आहे. नऊवारीचा काष्टा, टांग मारून चढणं, मागं कॅरिअरला ट्यूबच्या रबरानं आवळलेला थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ आणि चिलापी मासे. सायकलला घंटी नाही. विचारलं तर म्हणते, "घंटी कशाला? तोंड हाय की."

तिचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. अकरा वर्षांपूर्वी ती आमच्या गावच्या वळणावर पडली होती. गावानं निकाल लावून टाकला, की बाईमाणसानं दांडीची सायकल चालवल्यावर दुसरं काय होणार! मी चौकात माईक धरून बायकांच्या हक्कावर बोलणारा माणूस. पण मीही तिला म्हणालो होतो, "मावशी, आता हातगाडी घ्या एखादी." ती "बघते" म्हणाली आणि दोन महिन्यांनी त्याच वाकड्या हातानं हँडल धरून दारात हजर. का पडलात, हे मात्र तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तर यंदा आमच्या भागात एक मोठी सायकल शर्यत आली. देशोदेशीचे स्वार, चार दिवस, रोज एक टप्पा. रोजचा वेळ मोजायचा आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करायची. तिसरा टप्पा बारामतीहून इंदापूरकडं, आमच्या वळणावरून. ज्या रस्त्यासाठी मी नऊ निवेदनं दिली, दोनदा रास्ता रोको केला, तो रस्ता पंधरा दिवसांत आरशासारखा झाला. माझं डोकं फिरलं होतं. आमची पोरं-बाळं खड्ड्यांत आपटली तेव्हा डांबर कुठं होतं? पण रस्ता झाला हे खरं, आणि गावाचं नाव टीव्हीवर दिसणार हेही खरं. मग म्हटलं, पाहुणे येतायत तर स्वागत असं करू, की शेजारच्या गावांनी तोंडात बोट घातलं पाहिजे.

म्हाळसा म्हणजे आमच्या बचत गटाची अध्यक्ष. तिच्या जिभेपुढं तलाठीसुद्धा उभा राहत नाही. तिला मी सांगितलं, "वळणावर सगळ्या गाड्यांचा वेग कमी होणार, कॅमेरा तिथंच थांबणार. तिथं सडा-रांगोळी पाहिजे."

दारात पाहुणा यायचा म्हटल्यावर आमच्याकडं दुसरं काय करतात? शेणाचा सडा, त्यावर रांगोळी, वर झेंडूच्या पाकळ्या. चाळीस बायका पहाटेपासून राबल्या. साडेनऊला वळण असं देखणं झालं होतं, की मी मोबाईलवर फोटो काढत उलटा उलटा चालत होतो.

तेवढ्यात ठमाबाई आली. रस्ता दहाला बंद होणार, त्याआधी तिला मासळी विकायला पुढं डाळजकडं निघायचं होतं. सड्याच्या अलीकडं तिनं पाय टेकला.

"कुणी केलं हे?"

"आमी केलं," म्हाळसा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "का? तुमची चिलापी मिरवायची हाय का हिकडनं?"

बायका हसल्या.

"पुसा हे," ठमाबाई म्हणाली. "पोरं पडतील."

माझा पारा चढला. "मावशी, ते काय तुमच्यासारखे न्हाईत. ती जगातली पोरं हायती. त्यांच्या एका सायकलीच्या पैशात आपला ट्रॅक्टर येतोय. तुमी बाजूनं निघा."

तिनं डब्याचा रबर सोडला, डबा खाली ठेवला आणि सायकल माझ्यापुढं धरली.

"बस. तू तर कार्यकर्ता हायस. जोरात मार आणि वळव."

चाळीस बायकांसमोर नाही कसं म्हणणार? टांग मारली, जोर धरला, वळणावर हँडल कलवलं. पुढचं चाक रांगोळीच्या मोरावर गेलं आणि पुढं काय झालं मला कळलं नाही. आभाळ दिसलं, मग डांबर, मग म्हाळसाचे पाय. पाठीला शेण, पायजम्याला गुलाबी रांगोळी.

"व्हय रं कुंडलिकराव," ठमाबाई वरून म्हणाली, "ट्रॅक्टर पलटी झाला का?"

हसण्याचा असा गदारोळ उठला, की बंदोबस्ताचा हवालदार शिट्टी फुंकत धावत आला. मी उठत होतो तेव्हा ती वाकली आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मागच्या येळला बी तुजाच मोर्चा येणार हुता हितनं. त्येच्यासाठी टाकला हुता सडा. मी मासं घिऊन आले आन् घसरले."

अकरा वर्षं. मी तिच्या कोपराकडं बघितलं.

"मावशी, मला बोलला का न्हाई तुमी?"

"इचारलं का कुणी? बोलत बसू नगं आता. ही पोरं दोन दिस घाम गाळून आलीत. एकाचं हाड हितं मोडलं तर मागचं सगळं पाण्यात. आन् हाड नीट बसत न्हाय बाबा. मला ठावं हाय."

स्वार सव्वाअकराला येणार होते. आधी कोरडी रांगोळी आणि पाकळ्या खराट्यानं काढा, असं ती म्हणाली, नाहीतर पाण्यानं त्याचा चिखल होईल. मग कोपऱ्यावरच्या बोअरच्या पाइपानं शेण धुतलं. पावणेअकरा वाजले. आता रस्ता स्वच्छ, पण ओला झाला. जानेवारीचं ऊन कोवळं, त्याच्या भरवशावर दुपार झाली असती.

"गोणपाट आणा," ठमाबाई म्हणाली. गोणपाट पुरेनात. तेव्हा म्हाळसा घरात गेली आणि गोधडी घेऊन आली. तिच्या लेकीच्या बाळंतपणासाठी शिवलेली, नवी कोरी. ती तिनं डांबरावर टाकली आणि गुडघ्यावर बसून पुसायला लागली. मग काय, घराघरांतून गोधड्या निघाल्या. हवालदार ओरडत होता, "रस्ता रिकामा करा! कुणी परवानगी दिली?"

"सायेब, तुमी शिट्टी वाजवा," म्हाळसा मान वर न करता म्हणाली, "आमी पुसतो."

दोन मिनिटांनी त्यानं शिट्टी खिशात घातली आणि गोधडीचं दुसरं टोक धरलं.

ठमाबाई अनवाणी पायानं सगळं वळण चालली. तळव्यानं तपासत होती. "हितं ओलं हाय. हितं बी." शेवटी तिनं पाय घासून बघितला आणि "हां" म्हणाली. पोलिसांच्या मोटरसायकली लांबून दिसायला लागल्या होत्या.

मोहोळ उठल्यासारखा आवाज आला. मग ते रंगीबेरंगी टोळकं एका अंगावर कलून वळणात शिरलं, इतकं जवळून की वाऱ्यानं पदर उडाले. कडेच्या मातीवर थोडी पांढरी रांगोळी राहिली होती. निळ्या कपड्यातल्या एका पोराचं मागचं चाक तिच्यावर गेलं आणि थरथरलं. ठमाबाईनं माझं मनगट पकडलं. नखं रुतली. चाक सावरलं. पोरगं गेलं.

अर्ध्या मिनिटात सगळं संपलं. मग मागे राहिलेले चार-पाच, मग गाड्या, सगळ्यात शेवटी रुग्णवाहिका. तिच्या काचेतून आतलं रिकामं स्ट्रेचर दिसलं.

"रिकामी गेली," ठमाबाई म्हणाली आणि रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली. "रिकामी गेली बग, कुंडलिक." डोळ्यांना पदर लावला आणि हसायला लागली. म्हाळसा तिच्याशेजारी बसली. हवालदारानं टोपी काढली. मी तर उभ्या उभ्या इतका मोठा श्वास सोडला, की बरगडीला लागलेला मार तेव्हा कळला.

टीव्हीवर आमचं वळण साडेतीन सेकंद दिसलं. रांगोळी नाही, फुलं नाही. नुसता काळा कुळकुळीत रस्ता आणि कडेला भिजलेल्या गोधड्या धरून उभ्या बायका. शेजारच्या गावाचे लोक मला विचारतात, "कुंडलिकराव, तुमच्या गावात त्या दिवशी धुणं होतं का?" मी म्हणतो, होतं.

रस्ता उघडल्यावर ठमाबाईनं डबा बांधला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आज रोहू हाय. घेतोस का? बर्फ चाललाय वितळून." मी घेतला. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत एकही घर असं नव्हतं, जिथं तिची मासळी शिजली नाही.

तेव्हा वाचणाऱ्या दादांनो, तायांनो, एवढं करा. तुमचा सडा तुमच्या उंबऱ्यापुढं खुशाल घाला, मोठ्या रस्त्यावर घालू नका. मोर्चा माझा असला तरी. आणि पळसदेव ते डाळज रस्त्यावर एक म्हातारी बाई वाकड्या हातानं दांडीची सायकल चालवताना दिसली, तर मागून हॉर्न मारू नका. गाडी हळू करा, तिला तिचं वळण सावकाश घेऊ द्या.