शोकसभेतील राखीव खुर्च्या

डॉ. सुनंदा माधव बिसेन, आज महाविद्यालयात तुझी शोकसभा झाली. माणसे सहकार्य कशी शिकली आणि तरीही त्यांच्यात विषमता कशी रुजली, याचा तू आयुष्यभर अभ्यास केलास. सभेतल्या खुर्च्या मात्र पाहुण्यांसाठी राखीव होत्या. तुला मोहफुले वेचायला सोबत नेणाऱ्या सालेकसा गावच्या बायांना व्हरांड्यात बसवले.

“बाई तं आमच्या चुलीपाशी बसे. आमाले काऊन बाहेर बसवून राहिले, भाऊजी?” त्यांच्यातल्या सुगरताबाईंनी दारातूनच मला, तुझ्या नवऱ्याला, विचारले.

आत प्राचार्य समतेवर बोलत होते. मी बाहेर येऊन बायांजवळ खाली बसलो.

हे वाचणाऱ्या मित्रहो, समतेवर बोलणाऱ्यांना दाराबाहेरची माणसे दिसू नयेत?

सभेनंतर मी सुगरताबाईंना तुझ्या महाविद्यालयातल्या खोलीत नेऊन तुझ्या खुर्चीवर बसवले. मग आम्ही बाहेर आल्यावर दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या कार्यालयात परत केल्या.