बाबांचे टायटॅनियमचे मग

बाबांनी आयुष्यभर ट्रक चालवला. हायवेला गाडी बाजूला लावायची आणि ॲल्युमिनियमच्या टोपात भात शिजवायचा. तेच बाबा गेल्या हिवाळ्यात म्हणाले, नागावला समुद्रकिनारी तंबू ठोकून राहायचंय, टायटॅनियमची भांडी घ्यायला चल. हा शब्द त्यांना कुणी शिकवला, हेच मला आधी खटकलं.

दुकानात मी टोप उचलला, तर हातात काही आहे असंच वाटेना. म्हणून घरून नेलेला फ्रिजवरचा लोहचुंबक लावला. चिकटला नाही. पण तो ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, हे नंतर सुचलं. आच लागली की बूड निळसर होईल, मग खात्री पटेल, असं दुकानदार म्हणाला. म्हणजे आधी विकत घ्यायचं, मग जाळून बघायचं. मी स्टीलचा संच पुढे सरकवला.

"जड हाय," बाबा म्हणाले.

मिठाच्या गोणी पाठीवरून वाहिलेला माणूस हे म्हणत होता. मग त्यांनी टायटॅनियमचाच टोप आणि दुहेरी पत्र्याचे दोन मग निवडले. प्रत्येक मग डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून पाहिला. चमचेही दोनच घेतले. सोबत कोण, असं विचारलं तर म्हणाले, आहे एक जण. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मनात नको ते आलं. भावाला फोन केला, तर तो हसला.

शनिवारी कालवण द्यायच्या निमित्ताने मी न सांगता नागावला गेले. सुरूच्या झाडांखाली, तंबूपुढे बाबांच्या ट्रकवरचे जुने क्लीनर काका बसले होते. लकव्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, डाव्यातही जोर नव्हता. दोन बोटांत मग धरून ते स्वतःच्या हाताने चहा पीत होते. घरी त्यांना सून पाजते, हे मला ठाऊक होतं.

बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याच्या पोरांना सांगू नको, बाय. तो आपल्या घरी राहायला आलाय, एवढंच त्यांना म्हायती हाय."

भात खाली लागला होता. पातळ बुडाच्या टोपात तो लागणारच. तरी काकांनी दोनदा मागून घेतला. जेवता जेवता माझा फोन वाजला. काकांचा मुलगा होता. वडील फोन उचलत नाहीत, तुमच्याकडेच आहेत ना, असं विचारत होता.

"जेवून झोपलेत," मी म्हटलं.

समोर भरतीच्या लाटा फुटत होत्या. मग त्याने विचारलं, मागे तो आवाज कसला.


मी म्हटलं, पंख्याचा.