अर्गिरोची पाच दिवसांची सुट्टी

एकतीस उन्हाळे अर्गिरोने दुसऱ्यांच्या विश्रांतीची चाकरी केली. बेटावरच्या बंदराच्या वरच्या अंगाला तिच्या भाड्याच्या चार खोल्या. मे महिना लागला की अथेन्सचे, जर्मनीचे, कुठले कुठले थकलेले जीव येणार आणि अंगणात पाय पसरून म्हणणार, "अहाहा, काय ही शांतता!" शांतता कसली डोंबलाची! त्या शांततेच्या चादरी कोण धूत होतं?

यंदा सप्टेंबरात शेवटचा पाहुणा बोटीत चढला आणि अर्गिरोने कपड्यांचे चिमटे टोपलीत आपटले. पाच दिवस आपणही जायचं. कुणीतरी आपलं अंथरूण घालावं, आयतं ताट समोर ठेवावं. मेल्यावर नको, आत्ता!

बंदरावर बोटीची तिकिटं विकणारा तिचा दीर लेफ्तेरिस हसून हसून बेजार झाला.

"समोरच्या बेटावर? अगं वहिनी, ते तर तुझ्या स्वयंपाकघरातून दिसतं!"

"दिसतं म्हणूनच. तिथे मला टॉवेल मागणारं कुणी नाही. दात काय काढतोस, तिकीट फाड."

"पहिल्याच दिवशी तिथल्या बाईच्या पडद्यांना नावं ठेवशील, पैज लाव!"

"ठेवीन की. पण बसून ठेवीन."

घरी येऊन तिने समोरच्या बेटावर खोलीसाठी फोन लावले, आपण कुठून बोलतोय तेही सांगायचं ठरवलं. दोन ठिकाणी कुणी उचललाच नाही. तिसरीकडे कालिओपी नावाच्या मालकिणीने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"नाही हो बाई. मंगळवारपासून मी कुलूप लावतेय. जरा आराम करायला चाललेय."

"कुठे?"

"तुमच्याच बेटावर. फार शांत आहे म्हणतात. तुमच्या ओळखीत आहे का एखादी खोली?"

"आहे ना, माझ्याकडेच या! समुद्राकडची देते," अर्गिरो बोलून बसली. एकतीस वर्षांची सवय, जीभ पुढे धावली. मग तिने कपाळावर हात मारला. गेली सुट्टी! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला सांगू.

"बाई, रागावू नका," ती म्हणाली. "पण मला नाही कुणाचं करायचं आता. मी दमलेय हो."

पलीकडे कालिओपी खो खो हसत सुटली.

"अगं, मग तू ये की आधी! पाच दिवस इकडची काडी तिकडे करू देणार नाही तुला. नंतर दोघी मिळून तुझ्याकडे जाऊ, तेव्हा मी बसेन आणि तू कर. कबूल?"

"कबूल! अगदी कबूल!"

"बरं, मग सकाळची कॉफी कशी लागते तुला? साखर किती?"

अर्गिरोची नजर चुलीवरच्या कॉफीच्या भांड्याकडे गेली. हजारो पाहुण्यांना तिने हे विचारलं होतं. तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. पाहुण्यांचं झाल्यावर भांड्यात जी उरेल ती, उभ्या उभ्या, एवढंच तिला ठाऊक.

"थांब हं," ती म्हणाली. "एक कप करून पिते आणि सांगते."