कपाटांवरचा चिकटा

बायको लेकीकडे गेल्यापासून टेलरमास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय, ते स्वयंपाकघरातल्या कपाटांना तेलाने मालीश करतात, अशी बातमी जिन्याजिन्यात पोचली होती. मालीश खरी. डोकं मात्र ठिकाणावर होतं. धोक्यात होती ती मास्तरांची शान.

त्याचं असं झालं. निघताना बायको म्हणाली होती, "मी नसले तर तुम्हाला साखरसुद्धा सापडायची नाही." तेव्हापासून मास्तर रोज फोनवर छाती फुगवून सांगत, "सगळं सापडतं मला!" सापडत होतंच म्हणा. मिठाचा चहा प्यायल्यावर त्यांनी दुकानातली चिकट लेबलं आणून कपाटाच्या दारादारावर डकवली होती: साखर, मीठ, चहा, काड्यापेटी.

आणि आज संध्याकाळी ती परत येणार होती. मास्तरांनी लेबलं ओढली. कागद हातात आला, चिकटा सनमायकावरच ठाण मांडून बसला. नखाने खरवडलं तर नखालाच बिलगला. शेवटी हाडाच्या शिंप्याने इस्त्री तापवली. तेवढ्यात शेजारच्या वहिनी रिकामी वाटी घेऊन हजर. वाटी निमित्ताला, नाक आत.

"अहो मास्तर, सनमायका आहे तो, तुमची पँट नव्हे! फुगा येईल."

"मग कात्रीने खरवडतो."

"खरवडा की. ताई आल्या की ओरखडे दाखवा! तेल लावा, तेल. जरा मुरू द्या."

मास्तरांनी तेल चोपडलं, मुरू दिलं, जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने चिकटा अलगद लोटला आणि साबणाच्या फडक्याने पुसून काढला. बोट फिरवलं. गुळगुळीत! मास्तर शीळ घालायला लागले.

बायको आली. पिशवी खाली ठेवायच्या आत तिची नजर कपाटांवर गेली. चिकटा औषधालाही नव्हता. पण तळणाच्या वाफेने वर्षानुवर्षं पिवळट झालेल्या त्या दारांवर एकेक लखलखीत चौकोन उमटला होता, शर्टाच्या खिशाएवढा, ओळीने.

"अहो, इथे काय चिकटवलं होतंत?"

वहिनी दारात होत्याच. वाटी अजून रिकामीच.

"लेबलं," मास्तर पुटपुटले.

"म्हणजे काहीएक सापडत नव्हतं तुम्हाला!"

"सापडलं की. तुझी कपाटं मळकी आहेत, हे इतकी वर्षं तुला तरी कुठे सापडलं होतं?"