राखेच्या बोळाचा फोटो

"हाय ते काचंवर येतं, न्हाय ते पडद्यावर."

हे वाक्य सिद्धाप्पा ज्याला त्याला ऐकवायचा. फोटो तेव्हा आधी काचेच्या पाटीवर उतरायचा. बाजारात वांगी निवडताना, देवळातून बाहेर पडताना, एखाद्याच्या मयताला गेला तरी. त्याच्या फोटोच्या दुकानात मागं एक पडदा लावलेला होता. त्यावर संगमरवरी जिना, कारंजं आणि दोन मोर रंगवलेले. निम्मं सोलापूर त्या जिन्यापुढं बसून फोटो काढून गेलं होतं आणि घरी जाऊन पत्र्याखाली झोपत होतं. त्या पडद्याचा सिद्धाप्पाला मनापासून राग होता. पोट मात्र तोच पडदा भरायचा.

तो आमच्या माळावरचा, धनगराच्या घरचा. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा शहरात आला. एका म्हाताऱ्या फोटोवाल्याच्या काचा धुता धुता धंदा शिकला आणि म्हातारा गेल्यावर दुकान चालवू लागला. कॅमेऱ्यामागं डोकं झाकायला बाकीचे काळं कापड वापरत. सिद्धाप्पा बापाचं घोंगडं वापरायचा. उन्हाळ्यात त्याखाली जीव घुसमटायचा, पण त्यानं ते बदललं नाही.

त्याची थोरली बहीण बनाबाई. तो तिला बनाक्का म्हणे. ती राखेच्या बोळात राहायची. गिरणीच्या बॉयलरची राख जिथं ओतत, तिथंच गिरणीत राबणाऱ्यांनी तट्ट्या आणि पत्रे उभे करून संसार थाटले होते. बोळाच्या मधून रंगखात्याचं पाणी वाहायचं, आज निळं, उद्या तांबडं. प्यायचं पाणी आणायला पडक्या विहिरीवर जावं लागायचं. त्या पाण्यानं बनाक्काची लेक पटकीत गेली होती. तेव्हापासून बनाक्काचं मागणं एकच होतं, बोळाच्या तोंडाशी नळ.

त्या साली शहर सुधारायला एक कमिटी बसली. कोणत्या वस्तीला नळ द्यायचा, ते ती ठरवणार होती. कमिटीवरचे एक वकील सहकुटुंब सिद्धाप्पाच्या जिन्यापुढं बसून गेलेले होते. सिद्धाप्पानं त्यांना गाठलं.

"साहेब, तुमी काय बोळात येणार न्हाई. मी बोळच तुमच्याकडं आणतो. काचंवर."

वकील हसले. "आण. बघून ठरवू."

सिद्धाप्पानं बनाक्काला सांगितलं, रविवारी फोटो काढायला येतो. तिथं घोळ झाला. गरिबाचा फोटो तेव्हा जन्मात एकदा निघायचा, तोही बहुतेक मेल्यावर, भिंतीला टेकवून. जिवंतपणी फोटो निघणार म्हणताना बोळातल्या बायका शेणाची पाटी घेऊन उठल्या. दारं सारवली, रांगोळ्या घातल्या. विणकरांच्या काशम्मानं मागावरून उतरलेल्या नव्या रेशीमकाठी साड्या उसन्या दिल्या. गटारावर फळ्या टाकून वर चादरी अंथरल्या.

रविवारी सिद्धाप्पा आला आणि बघतच राहिला.

"आक्का, अगं हे काय केलंस? मला घाण पायजे, घाण."

"घाण आमी रोज बघतोय की. फोटूत कशाला?" बनाक्का पदर सारखा करत म्हणाली. "उद्या मी मेल्यावर लोक तोच बघणार. म्हणतील, बनी उकिरड्यावर उभी हाय."

काशम्मा म्हणाली, "पावणं यायच्या वेळी कुणी उष्टी भांडी दारात मांडतं का, सिद्धाप्पा? काढ मुकाट्यानं."

त्यानं काढला. सगळ्या जणी श्वास धरून उभ्या राहिल्या, एकीचीही पापणी हलली नाही.

वकिलांनी फोटो बघितला. "इथं लगीन होतं काय रे? ह्यांना नळ कशाला? आमच्या गल्लीपेक्षा बोळ साजरा आहे."

सिद्धाप्पाच्या कानशिलाला आग लागली. ह्या वेळी त्यानं बहिणीलाही सांगितलं नाही. दिवस उजाडता उजाडता घोंगडं खांद्यावर टाकून बोळात शिरला. गटार तुंबलेलं होतं, राख ओली झालेली, एक मेलेलं कुत्रं पाण्याला आडवं पडलेलं. त्याला सगळं स्वच्छ हवं होतं, पुढच्या कुत्र्यापासून मागच्या पत्र्याच्या भोकापर्यंत. त्यानं भिंगाचं तोंड बारीक केलं. बारीक तोंड आणि अंधूक उजेड, म्हणजे भिंगावरचं टोपण बराच वेळ काढून ठेवावं लागतं. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. बायाबाप्ये लगबगीनं पुढून गेले, बनाक्का हंडा घेऊन गेली. हलतं माणूस काचेवर टिकत नाही, हे सिद्धाप्पाला कळत होतं. पण त्याचं चित्त गटारावर होतं. माणसं काय, असतातच.

फोटो असा उतरला की बघणाऱ्यानं नाक धरावं. वकिलांनी तो कमिटीपुढं ठेवला. काही दिवसांनी सिद्धाप्पाला बोलावणं आलं.

"फार उपयोग झाला तुझा," वकील म्हणाले. "जागा ओसाड आहे, रोगाचं घर आहे. साफ करून गिरणीला गुदामाला द्यायचं ठरलं."

"ओसाड? साहेब, माणसं ऱ्हात्यात तितं."

"कुठं आहेत? दाखव."

सिद्धाप्पानं फोटोवर बोट ठेवलं. गटाराच्या कडेनं पांढुरके फराटे उठले होते, ओल्या लाकडातून निघावेत तसे. "ही बघा. चालत हुती."

"हा धूर आहे."

"मग पैला फोटू बघा की. सगळी उभी हायत त्यात."

"असल्या उकिरड्यात रेशीमकाठी साड्या? ती माणसं तू कुठून तरी आणून उभी केलीस. मोरांपुढं बसवतोस तशी." वकिलांनी फोटो कागदांत सरकवला. "आणि तूच म्हणतोस ना, आहे ते काचेवर येतं?"

सिद्धाप्पा दुकानात परतला आणि त्या फोटोची एक प्रत खिशात घातली.

बैलगाड्या आल्या, पहारी आल्या. दुपारपर्यंत तट्ट्या आडव्या झाल्या. सिद्धाप्पा कॅमेरा घेऊन आला होता, निदान हे तरी काढावं म्हणून. काशम्मा त्याच्या पायापाशी थुंकली. त्यानं घोंगडं उलगडलंच नाही.

बनाक्का आपल्या भांड्यांजवळ उभी होती. तिनं हात पुढं केला. "तो फोटू दे बघू, ज्यानं हे झालं."

त्यानं खिशातली प्रत दिली. तिनं ती उन्हात धरून खूप वेळ बघितली.

"ह्यात मी कुठं हाय रे, सिद्धा?"

त्यानं एका फराट्यावर बोट ठेवलं.

"आन् पैला फोटू? माझा चांगला?"

"तो कमिटीत ऱ्हायला. काच धुऊन ह्या फोटूला घेतली."

तिनं प्रत परत दिली. शिवी दिली नाही, रडली नाही. "जा तू," एवढंच म्हणाली.

सिद्धाप्पानं कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घेतली आणि राखेतून चालू लागला, गिरणीच्या भिंतीच्या कडेकडेनं. घोंगड्याचं टोक मागं लोळत होतं. गाडीवाले त्याच्याकडं बघत नव्हते, काशम्मानं पाठ फिरवली होती. बनाक्का तेवढी बघत होती. तो कोपऱ्याआड होईपर्यंत ती जागची हलली नाही.