हातावरचं पोर

"हे माझ्या हातावरचं पोर." सईबाईअक्का हे वाक्य जन्मभर म्हणत आली. एग्मोरच्या बाजारात एखादा भाजीवाला दिसला की ती थांबायची, डोळे बारीक करायची, ओळख पटली तरच म्हणायची. तंजावरकडच्या मराठी घरातली ही बाई. लग्न होऊन चेन्नईत आली, आणि महापालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून तिची हयात गेली.

वेंकट खरोखर तिच्या हातावरचा. गळ्याभोवती नाळ घेऊन, निळा पडून आला होता. तिनंच पाठ चोळून त्याला रडवलं. आता तो वर्तमानपत्रात बातमीदार होता. विजयकुमार नावाच्या उमेदवाराच्या गाडीतून हिंडायचा आणि त्याच गाडीत बसून त्याच्या बातम्या लिहायचा.

एका सकाळी तो उमेदवाराला अक्काच्या घरी घेऊन आला. "आशीर्वाद द्या, अक्का." वाकलेल्या डोक्यावर तिनं हात ठेवला, तोच वेंकटनं फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो फोटो पहिल्या पानावर आला. खाली छापलं होतं, गरिबांच्या प्रसूतिगृहात जन्मलेल्या नेत्याला पहिल्यांदा उचलणारे हे हात.

मग नुंगंबाक्कमच्या एका स्टुडिओत बोलावणं झालं. तेच कॅमेऱ्यासमोर सांगायचं होतं.

"किती वयाचा रे हा?" अक्कानं हळूच विचारलं.

"पन्नाशीचे आहेत."

"मग हा जन्मला तेव्हा मी तंजावरात परकर नेसून शाळेला जात होते. दप्तरात घालून आणला की काय मी त्याला?"

वेंकट हसला नाही. "अक्का, लोक वय मोजत नाहीत, हात बघतात. छापून गेलंय. आता तुम्ही नाही म्हणालात तर माझी नोकरी जाईल."

 नर्सेसच्या खोलीत भिंतीला टेकून बसावं, तशी अक्का बसली.

दिवे लागले. उमेदवार शेजारी येऊन बसला, हात जोडून. वेंकटनं विचारलं, "अक्का, हे तुमच्याच हातावरचे ना?"

तिनं उमेदवाराकडे पाहिलं. मग उठली, कॅमेऱ्यापाशी उभ्या असलेल्या वेंकटजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ते नव्हेत. माझ्या हातावरचा हा. आणि ते खोटं यानंच लिहिलंय."

उमेदवार मोकळेपणानं हसला. "म्हातारी गोंधळली. पुसा ते. परत घ्या."

"बाळंतपण परत घेता येत नाही, साहेब," अक्का म्हणाली.

तिनं दाराशी काढलेल्या चपला पायात घातल्या, छत्री उचलली आणि जिना उतरली. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या रस्त्यानं ती एग्मोरच्या दिशेला चालू लागली, गुडघे दुखत असल्यानं थोडी डावीकडे कलत. आत उमेदवाराच्या चेहऱ्यावर पुन्हा पावडर लावणं सुरू झालं होतं. वेंकटच्या नावानं हाका येत होत्या. तो खिडकीशी उभा होता. छत्री वळणाआड जाईपर्यंत त्यानं ओ दिली नाही.